‘आर’मधला तक्ता क्लिपबोर्डवरून एक्सेलमध्ये नेताना

गोव्यात आकडेवारीचं काम करणाऱ्यांमध्ये ‘आर’ ही संगणकभाषा आता चांगली रुळली आहे. ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात संशोधन करणारी मुलं ती वापरतात, महाविद्यालयांत संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवणारे वापरतात, पाऊस किंवा मासळीच्या नोंदींवर काम करणारेही वापरतात. मात्र निकाल ज्यांच्या हाती द्यायचा त्यांच्याकडे ‘आर’ नसतं. प्राचार्यांना, पंचायत सचिवांना, वर्तमानपत्राच्या वार्ताहराला एक्सेलची शीटच हवी असते. म्हणून ‘आर’मधला तयार तक्ता उचलून एक्सेलमध्ये टाकणं हे रोजचंच काम होऊन बसतं. काम दिसायला किरकोळ, पण आकडे नेमके इथेच बिघडतात, आणि बिघडले तरी बऱ्याचदा कुणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून हे एकच काम इथे नीट उलगडून पाहू.

उदाहरणाला एक तक्ता घेऊ: २०११ च्या जनगणनेतली गोव्याची तालुकावार लोकसंख्या. सासष्टी २,९४,४६४, बार्देश २,३७,४४०, तिसवाडी १,७७,२१९, फोंडा १,६५,८३०, मुरगाव १,५४,५६१, डिचोली ९७,९५५, केपे ८१,१९३, पेडणे ७५,७४७, सांगे ६५,१४७, सत्तरी ६३,८१७, काणकोण ४५,१७२. एकूण १४,५८,५४५. त्या जनगणनेत अकराच तालुके होते. धारबांदोडा नंतर वेगळा झाला, त्यामुळे आजच्या बारा तालुक्यांचा तक्ता केला तर त्याच्यापुढे २०११ चा आकडा येत नाही. अशा रिकाम्या जागी ‘आर’ ‘एनए’ असं लिहितं. आपल्या तक्त्यात धारबांदोडा धरून बारा ओळी आहेत आणि तीन रकाने: तालुका, जिल्हा आणि लोकसंख्या. जिल्हा जनगणनेच्या वेळचा, म्हणजे फोंडा उत्तर गोव्यात धरलेला.

हा तक्ता ‘आर’च्या पडद्यावर उमटला की पहिला मोह होतो तो माउसनं ओढून कॉपी करण्याचा. एक्सेलमध्ये चिकटवल्यावर अख्खी ओळ एकाच चौकटीत जाऊन बसते. कारण पडद्यावर रकाने सरळ दिसावेत म्हणून ‘आर’नं मध्ये नुसत्या मोकळ्या जागा भरलेल्या असतात. मग कुणीतरी सुचवतं की मोकळी जागा दिसेल तिथे ओळ तोड, एक्सेलमध्ये तशी सोय आहे. ती वापरली की ‘उत्तर गोवा’चे दोन तुकडे होतात, ‘उत्तर’ एका रकान्यात आणि ‘गोवा’ दुसऱ्यात, आणि लोकसंख्या एक घर पुढे सरकते. तक्ता रुंद असेल तर हाल आणखी: पडद्यावर न मावणारे रकाने ‘आर’ खाली वेगळ्या गठ्ठ्यात छापतं, आणि ते हातानं जोडत बसावं लागतं.

म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते कॉपी करायचंच नाही. तक्ता थेट क्लिपबोर्डवर पाठवायला ‘आर’ला सांगायचं.

क्लिपबोर्डवर नेमकं काय जातं

मजकूर एकीकडून कापून दुसरीकडे चिकटवण्याची पद्धत आज आपण वापरतो तशी आकाराला आली ती १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात. त्यामागे लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी होते. तेव्हापासून क्लिपबोर्ड म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली सगळ्या प्रोग्रामांची सामाईक जागा. एक प्रोग्राम तिथे काही ठेवतो, दुसरा उचलतो.

एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. एकाच वेळी तिथे एकाच मालाची अनेक रूपं ठेवता येतात. एक्सेलमध्ये चौकटी निवडून कॉपी केल्या की एक्सेल त्यांचं साधं मजकुराचं रूप ठेवतं, वेबपानाच्या भाषेतलं रूप ठेवतं, चित्राचं ठेवतं, शिवाय स्वतःच्या खास स्वरूपातलंही ठेवतं. घेणारा आपल्याला झेपेल ते रूप निवडतो. म्हणून तोच माल वर्डमध्ये रेघांसकट तक्ता होऊन येतो, आणि नोटपॅडमध्ये नुसता मजकूर होऊन.

‘आर’कडून मात्र एकच रूप जातं, साधा मजकूर. त्यात रेघा नाहीत, रंग नाहीत, कुठला रकाना संख्येचा आणि कुठला नावांचा याची खूणही नाही. फोनवरून कुणाला तक्ता सांगताना आपण जसं ‘पुढचा रकाना’, ‘खालची ओळ’ म्हणत जातो, तशा दोनच खुणा त्या मजकुरात असतात. टॅब म्हणजे पुढचा रकाना, आणि ओळ संपल्याची खूण म्हणजे खालची ओळ. तक्ता पुन्हा उभा करतं ते एक्सेल, आणि तो उभा करताना स्वतःच्या समजुतीनं काही ठरवतं. पुढच्या बहुतेक अडचणी याच समजुतीतून येतात.

विंडोजवर

आज्ञा अर्थात रोमन लिपीतच टाइप करायच्या. इथे त्यांचे उच्चार देतो.

‘आर’मध्ये तक्ता बाहेर लिहिण्याचं मूळ फंक्शन राइट-डॉट-टेबल. कंसात आधी तक्त्याचं नाव, मग फाइलच्या नावाच्या जागी अवतरणचिन्हांत क्लिपबोर्ड हा शब्द, सगळी अक्षरं लहान. तो शब्द दिसला की ‘आर’ डिस्कवर फाइल न बनवता मजकूर क्लिपबोर्डवर ठेवतं. तिसरी गोष्ट सेप, म्हणजे रकान्यांमधली खूण. ती सांगितली नाही तर राइट-डॉट-टेबल एक मोकळी जागा टाकतं, आणि ‘उत्तर गोवा’चे पुन्हा दोन तुकडे होण्याची वाट मोकळी होते. म्हणून सेप बरोबर, अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश टी. ती टॅबची खूण.

एवढ्यावर एक्सेलमध्ये चिकटवलं तर जे येतं ते जवळून पाहा. बाण म्हणजे टॅब.

तालुका → जिल्हा → लोकसंख्या
१ → सासष्टी → दक्षिण गोवा → २९४४६४
२ → बार्देश → उत्तर गोवा → २३७४४०

वरच्या ओळीत तीन गोष्टी आहेत, खालच्या ओळींत चार. ‘आर’नं प्रत्येक ओळीला स्वतःहून क्रमांक जोडला, पण त्या क्रमांकांच्या रकान्याला शीर्षक दिलं नाही. परिणामी सगळी शीर्षकं एक घर डावीकडे सरकली. ‘तालुका’ शीर्षकाखाली १, २, ३ आले, ‘जिल्हा’खाली तालुके, ‘लोकसंख्या’खाली जिल्हे, आणि खऱ्या लोकसंख्येला शीर्षकच उरलं नाही. इथे तीनच रकाने आहेत म्हणून चूक चटकन दिसते. वीस रकान्यांच्या तक्त्यात सगळे आकडेच असतील, तर पुरुषांचे आकडे स्त्रियांच्या शीर्षकाखाली गेलेले कुणाला कळणार?

उपाय साधा आहे. रो-डॉट-नेम्स बरोबर फॉल्स लिहायचं, की क्रमांक जातच नाहीत. काही तक्त्यांत ओळींची नावंच महत्त्वाची असतात, उदाहरणार्थ सहसंबंधांचा तक्ता, ज्यात डावीकडे चलांची नावं लागतात. तिथे ती राहू द्यायची आणि कॉल-डॉट-नेम्स बरोबर एनए लिहायचं. मग ‘आर’ शीर्षकाच्या ओळीत सुरुवातीला एक रिकामी चौकट सोडतं आणि सगळं जागेवर बसतं. हा ‘एनए’ आणि धारबांदोड्यापुढचा ‘एनए’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. इथे तो केवळ एक सांकेतिक सूचना आहे.

धारबांदोड्याच्या ‘एनए’चं काय करायचं, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. काहीच सांगितलं नाही तर ती दोन अक्षरं शब्द म्हणून एक्सेलच्या चौकटीत पडतात. बेरजेचं सूत्र त्यांना वगळतं, पण ती चौकट अधिकच्या चिन्हानं दुसऱ्या चौकटीत मिळवायला गेलात तर एक्सेल चूक दाखवतं. म्हणून बरेच जण एनए बरोबर रिकामं अवतरण देऊन ती जागा मोकळी सोडतात. मोकळी चौकट दिसायला स्वच्छ, पण अधिकच्या चिन्हापुढे एक्सेल तिला शून्य धरतं. धारबांदोड्याची लोकसंख्या शून्य नव्हती, ती तेव्हा वेगळी मोजलेली नव्हती. तक्ता दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर माझा कल त्या चौकटीत ‘वेगळी नोंद नाही’ असे शब्दच पाठवण्याकडे आहे. सूत्र अडेल, पण वाचणारा फसणार नाही.

अवतरणचिन्हांबद्दल थोडक्यात. राइट-डॉट-टेबल नावांभोवती दुहेरी अवतरण घालतं. एक्सेल ते काढून टाकतं, पण वर्ड किंवा ईमेलमध्ये ते तसंच दिसतं. कोट बरोबर फॉल्स दिलं की जातं. पत्त्यांचा रकाना असेल तर एक काळजी घ्यायची: फॉर्म भरणाऱ्यानं घराचा नंबर, वाडा, गाव अशा तीन ओळी एकाच चौकटीत लिहिल्या असतील, तर अवतरण काढल्यावर त्या एक्सेलमध्ये तीन वेगळ्या ओळी होऊन पडतात. पाठवण्याआधी ‘आर’मध्येच त्या स्वल्पविरामानं जोडून घ्याव्यात.

मोठा तक्ता मध्येच तुटतो तेव्हा

विंडोजवर या मार्गानं मजकूर पाठवताना ‘आर’ सुरुवातीला ३२ किलोबाइट एवढीच जागा घेतं, म्हणजे ३२,७६८ बाइट. तालुक्यांच्या तक्त्याला ती भरपूर झाली. पण गोव्यातल्या १९१ ग्रामपंचायतींचा वीस रकान्यांचा तक्ता घ्या. त्यात ३,८२० चौकटी झाल्या. प्रत्येकीत टॅब धरून सरासरी ९ रोमन अक्षरं म्हटली तरी ३४,३८० बाइट होतात. म्हणजे शेवटच्या काही पंचायती कापल्या जाणार. त्या वेळी ‘आर’ काम थांबवत नाही. जागा भरली आणि पुढचा मजकूर गेला, एवढाच इशारा देतं. लांबलचक स्क्रिप्ट चालवताना असे इशारे नजरेतून सुटतात. एक्सेलमध्ये शीट भरलेली दिसते आणि कुठलीशी पंचायत शेवटची ठरते.

यावर उपाय आहे, पण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. फाइलच्या नावाच्या जागी नुसतं क्लिपबोर्ड न लिहिता त्याला जोडून आडवी रेघ आणि हवे तेवढे किलोबाइट लिहायचे, जसं क्लिपबोर्ड-१२८. अर्थात आकडाही रोमन अंकांतच. एवढ्या जागेत पंचायतींचा तक्ता आरामात मावतो. मात्र हजारो ओळी असतील तर क्लिपबोर्डचा नाद सोडून फाइलच बनवावी हे माझं स्पष्ट मत आहे. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, लिहिणारं राइट-डॉट-सीएसव्ही हे फंक्शन किंवा राइट-एक्सएलसारखं पॅकेज, म्हणजे ‘आर’ला वेगळा जोडायचा फंक्शनांचा संच, त्यासाठीच आहे. फाइलीला नाव असतं, तारीख असते, ती पुन्हा उघडून तपासता येते. चिकटवलेल्या तक्त्याचा असा कुठलाच माग राहत नाही.

मॅक, लिनक्स आणि दूरचा सर्व्हर

मॅकवर क्लिपबोर्ड या शब्दावर लिहिता येत नाही. तिथे पीबीकॉपी नावाचा छोटा प्रोग्राम आधीपासूनच असतो. त्याच्याकडे येणारा मजकूर तो क्लिपबोर्डवर ठेवतो. म्हणून फाइलच्या जागी पाइप हे फंक्शन लिहायचं आणि त्याच्या कंसात, अवतरणात पीबीकॉपी. बाकी सगळं तेच.

लिनक्सवर एक्सक्लिप किंवा एक्ससेल हे प्रोग्राम आधी बसवून घ्यावे लागतात, आणि तिथे एक खोच आहे. जुन्या एक्स-११ पद्धतीच्या पडद्यावर कॉपी केलेल्या मजकुराच्या दोन वेगळ्या जागा असतात. नुसतं माउसनं निवडलेलं एका जागी जातं आणि मधल्या बटणानं चिकटतं. कंट्रोल-सीनं घेतलेलं दुसऱ्या जागी जातं. एक्सक्लिपला काही सांगितलं नाही तर ते पहिल्या जागी लिहितं. मग तुम्ही लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये कंट्रोल-व्ही दाबता आणि भलताच जुना मजकूर येतो. पाइपच्या कंसात एक्सक्लिपनंतर आडवी रेघ सिलेक्शन आणि मग क्लिपबोर्ड असं लिहिलं की तिढा सुटतो.

‘आर’ तुमच्या टेबलावरच्या संगणकावर नसून प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर चालत असेल आणि तुम्ही ते ब्राउझरमधून वापरत असाल, तर वरचं काहीच लागू पडत नाही. आज्ञा बरोबर असते, पण क्लिपबोर्ड त्या दूरच्या यंत्राचा असतो. तुमच्या यंत्राच्या क्लिपबोर्डपर्यंत ‘आर’चा हात पोहोचतच नाही. विद्यार्थी इथे तासभर आज्ञा बदलून पाहत बसतात. ब्राउझरमधून ‘आर’ वापरू देणारा आरस्टुडिओ सर्व्हर असेल तर सर्व्हरवर सीएसव्ही लिहावी आणि फाइल्सच्या चौकटीतून एक्सपोर्ट करून उतरवून घ्यावी.

घरी विंडोज, कॉलेजात लिनक्स अशी परिस्थिती असेल तर दर वेळी वेगळी आज्ञा आठवण्यापेक्षा क्लिपर हे पॅकेज बसवणं सोयीचं. रोमनमध्ये सी-एल-आय-पी-आर असं लिहायचं. त्यातलं राइट-अंडरस्कोर-क्लिप हे फंक्शन आपण कुठल्या यंत्रावर आहोत ते स्वतः ओळखतं. तक्ता दिला की टॅब लावून, ओळक्रमांक आणि अवतरण गाळून ठेवतं. या पॅकेजची एक गोष्ट मला फार आवडते. समोर माणूस नसताना, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप चालत असताना, वेगळी परवानगी दिल्याशिवाय ते क्लिपबोर्डला हात लावत नाही. क्लिपबोर्ड वापरणाऱ्याचा असतो, त्यानं ठेवलेली गोष्ट न विचारता पुसायची नाही, हा विचार त्यामागे आहे.

सर्वे नंबर १२/३ ची तारीख होते

आता एक्सेलच्या समजुतीकडे येऊ. गोव्यात जमिनीचं काम निघालं की एक-चौदाचा उतारा लागतो आणि त्यावर सर्वे नंबर व पोटविभाग असतो, जसं १२/३. एखाद्या गावातल्या शेतजमिनींचा अभ्यास ‘आर’मध्ये केला आणि तक्ता क्लिपबोर्डवरून एक्सेलमध्ये चिकटवला, की १२/३ च्या जागी १२ मार्च दिसतो. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकी ठेवलेली असेल तर ३ डिसेंबर.

“सर, माझ्या तक्त्यात तर बरोबर होतं,” असं विद्यार्थी म्हणतो, आणि ते खरंच असतं. ‘आर’नं १२/३ हीच अक्षरं पाठवली होती. अवतरणचिन्हं ठेवली असती तरी उपयोग नव्हता, एक्सेल ती काढून मगच आतला मजकूर तपासतं. तारखेसारखं दिसलं की ते चालू वर्ष स्वतःहून जोडतं आणि आत एक दिवसक्रमांक साठवतं. २०२४ साली चिकटवलं असेल तर १२ मार्चचा क्रमांक ४५३६३. मग घाबरून त्या चौकटीचं स्वरूप टेक्स्ट केलं की तिथे ४५३६३ दिसतं. मूळ १२/३ आता त्या शीटमध्ये कुठेच उरलेला नसतो.

त्याहून वाईट म्हणजे सगळेच नंबर बदलत नाहीत. १४५/२ तसाच राहतो, कारण १४५ तारीख कुठल्याच महिन्यात नसते. १२/३ बदलतो, ८/१ बदलतो, १४५/२ वाचतो. त्यामुळे रकाना वरवर ठीक वाटतो आणि काही जमिनी नकाशाच्या यादीशी जुळवताना सापडतच नाहीत. जमिनीच्या बाबतीत असं होणं मला गंभीर वाटतं, कारण त्या आकड्यामागे कुणाचं तरी शेत, कुणाचं तरी घर असतं.

शास्त्रज्ञांनाही याचा फटका बसला आहे. काही मानवी जनुकांची इंग्रजी संक्षिप्त नावं मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी होती, आणि एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे दोष आढळल्याचं २०१६ मधल्या एका अभ्यासात दिसलं. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये ती नावंच बदलली.

आपण सर्वे नंबर बदलू शकत नाही, पण चिकटवण्याची पद्धत बदलू शकतो. तक्ता चिकटवण्याआधी एक्सेलमध्ये तो रकाना निवडायचा आणि त्याचं स्वरूप टेक्स्ट करायचं. मग चिकटवताना तिथलंच स्वरूप पाळण्याचा पर्याय निवडायचा. हा क्रम उलटा करून चालत नाही. लिब्रेऑफिसमध्ये ही गोष्ट अधिक चांगली हाताळली आहे. मजकूर चिकटवताच ते एक खिडकी उघडून प्रत्येक रकाना कसा घ्यायचा ते विचारतं. सर्वे नंबराच्या रकान्यावर क्लिक करून टेक्स्ट निवडलं की झालं.

हीच काळजी फोन नंबरांची. गोव्याचा एसटीडी कोड ०८३२. एक्सेलमध्ये त्याचं सुरुवातीचं शून्य गळून ८३२ उरतात. अधिक ९१ नं सुरू होणाऱ्या नंबराचं अधिक चिन्ह जातं. एक्सेल संख्येतले पंधराच अंक धरून ठेवतं, त्यामुळे सोळा अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं शून्य गाळणं आणि लांब संख्या बदलणं बंद करण्याच्या सोयी एक्सेलच्या पर्यायांत दिल्या, पण शीट ज्याच्याकडे जाणार त्याच्या संगणकावर त्या चालू असतील असं धरून चालू नये.

लोकसंख्येच्या आकड्यांबाबत सल्ला नेमका उलटा आहे. ते सुंदर दिसावेत म्हणून ‘आर’मध्येच स्वल्पविराम घालू नयेत. ‘आर’ नेहमीच्या पद्धतीनं तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतं, म्हणजे सासष्टीचे २९४,४६४ होतात, आणि आपण वाचतो २,९४,४६४. कोरे अंक पाठवावेत आणि सजावट एक्सेलवर सोडावी.

देवनागरी आणि सेडिल्यावाली नावं

गोव्यातल्या एकाच यादीत देवनागरीतली गावं असतात आणि पोर्तुगीज वळणाची, अक्षराखाली आकडी (तीच सेडिल्या) किंवा वर लाटेसारखी खूण असलेली आडनावंही असतात. विंडोजवरचं जुनं ‘आर’ या दोन्हींची एकाच वेळी नीट काळजी घेऊ शकत नसे. ‘सांगे’ पाठवलं की ‘स’च्या जागी कोनी कंसांत यू, अधिक आणि ०९३८ असा संकेतांक यायचा. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘आर’च्या ४.२.० आवृत्तीपासून ताज्या विंडोजवर यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांना सामावणारी पद्धत मूळची झाली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अजून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलून घेण्याचा आग्रह धरावा.

उलट दिशेनं येताना

एक्सेलमधून ‘आर’मध्ये आणणंही असंच सोपं. चौकटी निवडून कॉपी करायच्या आणि विंडोजवर रीड-डॉट-डेलिमच्या कंसात अवतरणात क्लिपबोर्ड लिहायचं. क्लिपरमध्ये त्यासाठी रीड-अंडरस्कोर-क्लिप-अंडरस्कोर-टीबीएल आहे.

फक्त लक्षात घ्या, मजकुराच्या रूपात एक्सेल तेच देतं जे चौकटीत दिसतं. राज्याच्या लोकसंख्येत सासष्टीचा वाटा २०.१८८९ टक्के आहे. चौकट एकच दशांश दाखवत असेल तर ‘आर’ला २०.२ मिळतात, आणि पुढचा सगळा हिशेब त्या २०.२ वर चालतो. स्वल्पविराम घातलेले आकडे तर संख्या म्हणून येतच नाहीत, शब्द म्हणून येतात. कॉपी करण्याआधी रकान्याचं स्वरूप जनरल करून घ्यावं.

कुठल्याही दिशेनं नेलं तरी एक तपासणी सोडू नये. दोन्हीकडच्या ओळी मोजाव्यात आणि एका संख्येच्या रकान्याची बेरीज घ्यावी (‘आर’मध्ये ‘एनए’ वगळून). आपल्या तक्त्यात शीर्षक सोडून १२ ओळी आणि १४,५८,५४५ ही बेरीज दोन्हीकडे यायला हवी. तुटलेला किंवा सरकलेला तक्ता यात सापडतो. तारीख झालेला सर्वे नंबर मात्र बेरजेत सापडत नाही, त्या रकान्यावरून नजर फिरवावीच लागते.

आणि तक्त्यात माणसांची नावं, आजार, खातेक्रमांक असतील तर आणखी एक. क्लिपबोर्ड सामाईक असतो. त्या वेळी चालू असलेले दुसरे प्रोग्रामही तो वाचू शकतात. विंडोजवर २०१८ पासून क्लिपबोर्डचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर विंडोज-व्ही दाबल्यावर आधीच्या कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते, पंचवीसपर्यंत. ती खात्याला जोडून दुसऱ्या यंत्रांवरही पाठवता येते. आरोग्य केंद्राच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामाईक संगणकावर काम करत असाल तर ‘आर’मधून क्लिपबोर्डवर रिकामा मजकूर लिहिणं पुरत नाही, कारण आधीची नोंद इतिहासात राहते. काम झालं की सेटिंग्ज, सिस्टिम, क्लिपबोर्ड असं जाऊन इतिहास पुसून टाकावा. यादीत पिन करून ठेवलेल्या नोंदी त्यानंही जात नाहीत, त्या एकेक करून काढाव्या लागतात.